स्टॅगल आणि अनविन यांच्यामधली जागा

(लिडकोट गावच्या चर्चचं आवार. एप्रिल १९२३, दुपार. युद्धात गेलेल्यांची नावं कोरलेल्या दगडी क्रुसापाशी दोघे जण: चर्चचा राखणदार एझ्रा टफनेल आणि शहरातून नाव कोरायला आलेला पास्क.)

पास्क : म्हणजे पोस्टमन तुमच्या घरी गेलाच नाही?

एझ्रा : नाही. सरळ इथं आला. त्याला ठाऊक होतं मी इथंच असणार. त्या भिंतीपाशी म्हाताऱ्या मिसेस ऑलपोर्टची कबर खणत होतो. छातीइतका आत होतो. वर बघितलं तर नुसते त्याचे बूट दिसले. बूट हलेनात. मी म्हटलं, काय रे, चिकटलास काय? तर बोलेना. मग वाकला आणि पाकीट माझ्या हातात दिलं.

पास्क : तिथंच फोडलंत?

एझ्रा : फोडलं. मला वाचायला वेळ लागतो. एकेक अक्षर लावत गेलो. पोराचं नाव होतं, जेसी टफनेल. बेपत्ता. परत एकदा वाचलं. मग खिशात घातलं आणि कबर पुरी केली.

पास्क : कबर पुरी केलीत?

एझ्रा : दुसऱ्या दिवशी सकाळी तिला पुरायचं होतं. अर्धी सोडून कसं चालेल? पुरी केली, कडा नीट केल्या, फावडं पुसलं, मग घरी गेलो. बायको, एडा, सफरचंदं सोलत होती. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, वाच. मी वाचलं. तर म्हणते, "बेपत्ता म्हणजे मेला नाही. बेपत्ता म्हणजे त्यांना सापडत नाही. तुला तरी तुझा चष्मा कुठं सापडतो?" आणि सोलत बसली.

पास्क : मग दुसरं पत्र आलं असेल. सगळ्यांना आलं.

एझ्रा : आलं ना. पुढच्या उन्हाळ्यात. त्यात होतं, मृत मानण्यात येत आहे. तर त्यातला तोच शब्द धरला तिनं. "मानतात! बघ, म्हणजे त्यांनाच ठाऊक नाही. मानायला काय, मी पण स्वतःला राणी मानीन."

पास्क : बाई तिखट होत्या.

एझ्रा : होती.

पास्क : मी या भागात पुष्कळ गावांचे दगड केलेत, टफनेल. भांडण नाही असं गाव नाही. एका ठिकाणी बाप म्हणाला, माझ्या पोराचं नाव इतरांपेक्षा मोठं घाला, तो सहा फूट होता. एका ठिकाणी दोन बायका एकाच नावावर फुलं ठेवायला भांडत होत्या. पण मधेच जागा सोडलेली हीच पहिली. एसचा स्टॅगल, मग कोरा दगड, मग यूचा अनविन. पुढचा दात पडावा तसं दिसतं. हा दगड उभा केला तेव्हा लोक आमच्या मालकाला विचारायचे, तुमचा माणूस प्यायला होता का म्हणून.

एझ्रा : एडानं सांगितलं होतं, नाव घालाल तर हातोडा आणून फोडीन. आणि तिनं फोडलं असतं. तेव्हा पाद्रीसाहेबांनी जागा सोडायला लावली. म्हणाले, थोडा काळ जाऊ दे.

पास्क : आणि परवा मला म्हणाले, टफनेलबाई गेल्या, आता अडचण नाही, जाऊन कोरून ये.

एझ्रा : अडचण म्हणाले?

पास्क : शब्द माझाही असेल. चुकलं.

एझ्रा : असू दे. पुष्कळांची अडचण होती ती. माझीही होती. आता नाही, तर घरात कुठं बसावं ते कळत नाही मला.

पास्क : हं. पण तुमचं हो आहे ना? पाद्रीसाहेब काही म्हणोत, बाप हो म्हणेपर्यंत मी छिन्नी लावत नाही. रेघा मारून ठेवल्यात. टफनेल, जे. लांबलचक नाव नाही. गाडीवाला संध्याकाळी परत निघतो, तोवर होऊन जाईल.

एझ्रा : तेच तर ठरत नाही. ती होती तेव्हा वाटायचं, कोरू द्यावं एकदाचं. गाव जाता येता त्या कोऱ्या जागेकडे बघतं, मग माझ्याकडे बघतं. आणि ती गेल्यावर वाटतं, तिचं खरं असेल तर? जिवंत माणसाचं नाव या दगडावर घातलं तर?

पास्क : काय खरं असेल?

एझ्रा : तिनं त्याला बाहेर येताना पाहिलं होतं.

पास्क : कुठून बाहेर?

एझ्रा : चर्चमधून. सेंट मार्कच्या सणाच्या आदल्या रात्री, चोवीस एप्रिलला. तुमच्या शहरात बसत नाहीत का देवडीत?

पास्क : आमच्या शहरात रात्री चर्चच्या देवडीत बसलं तर पोलीस उचलून नेतो.

एझ्रा : आमच्याकडे बसायचे. बायकाच जास्त. त्या रात्री बसून राहायचं, बोलायचं नाही. गावातले जे कोणी येत्या वर्षात मरणार असतात ते फाटकातून येतात, देवडीतून आत जातात. ते म्हणजे ते नव्हेत. ते आपापल्या घरी झोपलेले असतात. जे काय असतं ते येतं. आत जाऊन जे बाहेर येत नाहीत ते गेले. जे बाहेर येतात ते मरता मरता वाचतात.

पास्क : आणि तुमचा यावर विश्वास आहे? तुम्ही तर दिवसभर इथंच असता.

एझ्रा : मी हसायचो. चाळीस वर्षं कबरी खणतोय, मला कोणी दिसलं नाही. एडाला म्हणायचो, आधी सांगत जा कोण कोण ते, म्हणजे खड्डे घाई न करता खणीन. ती रागवायची. एकदा बसलं की दरवर्षी बसावं लागतं, असा नियम. मधे डोळा लागला तर तो उघडत नाही. आणि बसता बसता एके वर्षी स्वतःच फाटकातून येताना दिसतो. मग संपलं.

पास्क : गोष्ट लांबणार. मी चहा आणायला हवा होता.

एझ्रा : हसा. मीही हसलो. गेल्या एप्रिलची गोष्ट. पहाटे घरी आली, शाल घडी करून ठेवली, म्हणाली, यंदा मी होते. मी थट्टेनं विचारलं, कशी दिसत होतीस? म्हणाली, बुटांना नाड्या नव्हत्या. मी म्हटलं, म्हणजे म्हातारपणी वेंधळी होणार. फेब्रुवारीत गेली. पाय सुजले होते. तिच्या बहिणीनं तिला तयार केलं तेव्हा बूट चढेनात, म्हणून नाड्या काढून टाकल्या. मी दारात उभा होतो. बूट बघितले आणि मला ते आठवलं.

पास्क : बुटांच्या नाड्या.

एझ्रा : आता तुम्हीच सांगा. स्वतःचं बरोबर पाहिलं असेल, तर पोराचं चुकीचं कसं पाहिलं असेल?

डॉर्कस : एझ्रा! हा माणूस दगडावर काय लिहितोय?

पास्क : रेघा आहेत बाई, खडूच्या. पुसल्या की जातात.

डॉर्कस : मग पुसा.

एझ्रा : ही डॉर्कस. एडाची थोरली बहीण. हे पास्क, शहरातून आलेत. पाद्रीसाहेबांनी पाठवलंय.

डॉर्कस : ते कळलं. सगळ्या गल्लीला कळलं. तुझ्यासाठी चहा आणलाय, केक आणलाय. आता यांनाही देते. दोन्ही हातांत ओझं घेऊन मलाच यावं लागलं. विल्फला पाठवलं असतं तर एका फेरीला एकच वस्तू आली असती.

पास्क : मुलगा जरा आळशी दिसतो.

डॉर्कस : आळशी तुमचे चुलते असतील. माझा विल्फ फ्रान्सला जाऊन आलाय. घ्या, गरम आहे. आणि ती छिन्नी खाली ठेवा.

पास्क : अजून उचललीच नाही. यांचं हो व्हायचंय.

डॉर्कस : ते नाही म्हणणार. माझी बहीण जमिनीखाली गेली म्हणून तिचा शब्द मातीत गेला नाही. एझ्रा, सांगितलंस का यांना?

एझ्रा : सांगितलं. देवडीचं.

डॉर्कस : त्या रात्रीचं?

एझ्रा : ते तू सांग. तू होतीस.

पास्क : तुम्हीही पाहिलंत?

डॉर्कस : मी बघायला गेले नव्हते. सोबतीला गेले होते. डोक्यावरून ॲप्रन घेऊन बसले, एडाच्या खांद्याला खांदा लावून. बघितलं नाही म्हणून मला दरवर्षी जावं लागलं नाही. ऐकलं मात्र.

पास्क : काय ऐकलं?

डॉर्कस : काही नाही. तेच तर. या वाटेवर खडी आहे. मांजर चाललं तरी वाजते. एडा माझ्या कानाशी सांगत होती, आले, आले, आणि एक खडा हलत नव्हता. सुरुवातीला नावं सांगितली. म्हातारा डॅगेट. गिरणीवाल्याची आजी. मग नावं थांबली. म्हणाली, डॉर्कस, हे कोण गं? सगळ्यांचे कोट एकसारखे. लांब, चिखलाच्या रंगाचे. कॉलर वर केलेली, तोंडं दिसत नाहीत. मी म्हटलं, किती आहेत? म्हणाली, संपतच नाहीत.

पास्क : हे कधीचं?

डॉर्कस : १९१४. एप्रिल.

पास्क : लढाई तर ऑगस्टमधे...

डॉर्कस : ते आम्हाला काय ठाऊक! एडाला वाटलं साथ येणार. इस्पितळात एकसारखे कपडे देतात ना, तसं काहीतरी. महिनाभर गावाला पाणी उकळून प्यायला सांगत फिरली. विहिरीत चुना टाकायला लावला.

एझ्रा : टाकला मी. गाव हसलं.

डॉर्कस : ऑगस्टपर्यंत हसलं. एका वर्षाचे दिसायचा नियम, पण त्या रात्री चार वर्षांचे एकदम आले. जागाच पुरली नसेल पुढं.

पास्क : आणि मुलगा?

डॉर्कस : सगळे आत गेले. पुष्कळ वेळ काही नाही. मला वाटलं झालं आता, घरी जाऊ. आणि दार वाजलं. ते मी ऐकलं. या कानांनी. ते दार ओढलं की खालच्या दगडावर किंचाळतं, बघा. तसं. एडानं माझं मनगट असं धरलं की आठवडाभर निळं होतं. म्हणाली, एक बाहेर आला. त्याच्या अंगावर त्यांचा कोट नाही. जेसीचा कोट आहे. माझं ठिगळ आहे पाठीवर.

एझ्रा : आणि त्यानं बाहेर आल्यावर दार ओढून घेतलं. जेसीचीच सवय ती. चर्चच्या राखणदाराचं पोर, लहानपणापासून शेवटी तोच दार लावायचा.

डॉर्कस : मी माझ्या विल्फचं विचारलं नाही. आत गेला का बाहेर आला. धीर झाला नाही.

पास्क : कोट कसला होता?

एझ्रा : तपकिरी. कॉर्डरॉयचा. नांगराच्या घोड्यानं पाठीवर चावा घेतला होता, तिथं एडानं जुन्या पडद्याचा तुकडा लावला. हिरवा. पोरं चिडवायची त्याला, जेसी खिडकी घेऊन फिरतो म्हणून.

पास्क : हिरवा.

एझ्रा : गडद हिरवा.

पास्क : चौकोनी?

एझ्रा : हो. का?

पास्क : नाही, काही नाही.

डॉर्कस : चहा तसाच खाली का ठेवलात?

एझ्रा : पास्क, काय झालं?

पास्क : मी पाहिला तो कोट. आज सकाळी.

एझ्रा : कुठं?

पास्क : इथं. गाडीवाल्यानं फाटकाशी सोडलं, तुम्ही नव्हता. हत्यारांची पेटी ठेवत होतो. चर्चमधून एक जण बाहेर आला, दार ओढून घेतलं. पाठमोरा होता. तपकिरी कोट, पाठीवर हिरवा चौकोन. मला वाटलं राखणदार असेल. हाक मारली, ओ साहेब, टफनेल आपणच का? वळला नाही. तिकडे गेला, त्या जुन्या झाडांकडे.

एझ्रा : तोंड पाहिलंत?

पास्क : म्हटलं ना, पाठमोरा.

एझ्रा : उंची? माझ्याएवढी? केस कसले होते? पास्क, नीट आठवा. केस मागून...

डॉर्कस : एझ्रा, बस खाली. बस म्हणते ना. त्या पायरीवर बस. तो विल्फ होता.

एझ्रा : विल्फकडे जेसीचा कोट कुठून?

डॉर्कस : एडानं दिला.

एझ्रा : तो कोट पेटीत आहे. लव्हेंडर घालून ठेवलाय तिनं.

डॉर्कस : ती पेटी तू उघडून बघितलीस का ती गेल्यापासून?

एझ्रा : नाही. मला नाही उघडवत.

डॉर्कस : तर ऐक. तिच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. तू पाणी आणायला गेला होतास. मला म्हणाली, पेटीतला कोट काढ आणि विल्फला घाल, त्याला धड कोट नाही. मी म्हटलं, एडा, तो जेसीचा आहे. तर म्हणाली, विल्फलाच दे. त्याच्याच अंगावर होता बहुतेक.

एझ्रा : त्याच्याच अंगावर होता?

डॉर्कस : मला वाटलं तापात बडबडते. एझ्राला सांगू नको म्हणाली, म्हणून नाही सांगितलं. विल्फला म्हटलं, एझ्राकाकांच्या घरावरून जाताना घालू नकोस. आज मंगळवार. चर्चच्या घड्याळाला किल्ली द्यायला तो येतो. हे माझ्या आत्ता डोक्यात येतंय, एझ्रा. देवा रे.

एझ्रा : बोल.

डॉर्कस : नको.

एझ्रा : मग मीच बोलतो. तिनं जे १९१४ साली पाहिलं ते आज सकाळचं पाहिलं. तोच कोट, तेच दार. शिपायाच्या कोटात आत जाऊन जेसीच्या कोटात बाहेर आला तो विल्फ होता. जेसी आतच राहिला. आणि तिला ते शेवटी कळलं. अंथरुणात पडल्या पडल्या कळलं.

डॉर्कस : म्हणजे बाहेर आला तो माझा.

एझ्रा : बरं झालं. कोणीतरी आलं.

डॉर्कस : तू असं म्हणू नकोस. त्यापेक्षा मला शिव्या दे.

एझ्रा : कशाला? मला एवढंच कळत नाही, तिनं मला का नाही सांगितलं. तुला सांगितलं.

डॉर्कस : मला तरी कुठं सांगितलं? कोट दिला. तुला काय सांगणार होती ती? इतकी वर्षं तुला घेऊन वाट बघत बसली. रोज रात्री चौथी खुर्ची टेबलाशी ठेवायची.

एझ्रा : तिसरी.

डॉर्कस : तिसरी. आणि तू एकदाही म्हणाला नाहीस, पुरे कर. तू भांडला असतास तर ती बोलली असती.

एझ्रा : मला वाटायचं, तिला बरं वाटतं तर वाटू दे.

डॉर्कस : आणि तिला तुझ्याबद्दल तेच वाटत असेल.

एझ्रा : हं. पास्क.

पास्क : बोला.

एझ्रा : कोरा.

पास्क : नक्की?

एझ्रा : तिनं कोट दिला. ती कोट देते म्हणजे तिच्याकडून झालं. कोरा. चांगलं खोल कोरा.

पास्क : डॉर्कसबाई?

डॉर्कस : मला काय विचारता. बाप म्हणतोय ना.

पास्क : मग जरा बाजूला व्हा, कपची उडते. हा टी. सोपा दिसतो, पण लोक याच्यावरच हात चुकवतात. आडवी रेघ आधी घ्यायची, मग उभी. उभी आधी घेतली की वर काय बसवायचं ते समजत नाही... असं. दगड चांगला आहे हा. मऊ आहे, पण भुगा होत नाही. इतकी वर्षं कोरा उन्हात राहिला, तरी जागा खराब झाली नाही. जणू कालच सोडली.

डॉर्कस : एझ्रा, थोडा केक खा. सकाळपासून काही पोटात नसेल.

एझ्रा : नंतर.

डॉर्कस : जवस घालून केलाय. तुला आवडतो.

एझ्रा : तिच्या हातचा आवडायचा. तुझा कोरडा होतो.

डॉर्कस : होतो. ती दूध जास्त घालायची. मला ते आवडायचं नाही.

एझ्रा : मला त्याचा आवाज बरा वाटतोय. छिन्नीचा. मला वाटलं होतं नाही वाटणार.

पास्क : आवाजावरून दगड कळतो. पण काय हो, तुमचा विल्फ आहे मात्र गडी. ते दार मी मघाशी बघितलं, दोन माणसांचं काम आहे. लोखंडी कडी दोन्ही हातांनी धरली, डावा पाय उंबऱ्याला लावला, आणि असं मागं रेलून ओढलं. एका हिसक्यात. मी मनात म्हटलं, हा आमच्या कारखान्यात हवा. दगड हलवायला... काय झालं? का बघताय असं?

डॉर्कस : दोन्ही हातांनी?

पास्क : हो.

डॉर्कस : चुकून सांगताय. लांबून बघितलंत.

पास्क : लांबून कुठं? त्या कबरीपासून. दगड मोजायची नजर आहे बाई माझी. दोन्ही हातांनी.

डॉर्कस : विल्फला डावा हात नाही. कोपराच्या वरून नाही. फ्रान्समधे राहिला. डावी बाही मी स्वतः दुमडून टाचते. आज सकाळी टाचली.

पास्क : टाचलेली नव्हती. कोटाच्या दोन्ही बाह्यांत हात होते.

डॉर्कस : नसतील.

पास्क : होते, बाई.

एझ्रा : विल्फ दार लावत नाही कधीच. एका हातानं त्याला ओढवत नाही. किल्ली देऊन जातो आणि उघडं टाकून जातो, मग मी मागून येऊन लावतो. आज आलो तर लावलेलं होतं. मला वाटलं, मीच काल लावलं असेल.

डॉर्कस : मग आज कोणी लावलं?

एझ्रा : पाय उंबऱ्याला लावायचं मी शिकवलं. सात वर्षांचा होता. त्याला ओढवेना म्हणून रडायला लागला, तेव्हा म्हटलं, हातानं ओढू नकोस, पायानं ढकल. दार आपोआप येतं. हे दुसऱ्या कोणाला ठाऊक नाही. पाद्रीसाहेबांनाही नाही. पास्क, एक विचारतो.

पास्क : विचारा.

एझ्रा : तो झाडांकडे गेला म्हणालात. या वाटेनं गेला?

पास्क : या वाटेनंच.

एझ्रा : त्याचे पाय वाजले?

पास्क : पाय म्हणजे?

एझ्रा : खडीवर.

पास्क : दार वाजलं. ते चांगलं वाजलं, दचकलो मी. नंतर... थांबा. मी हाक मारली. तो चालत होता. पाय... तुम्ही विचारताय म्हणून मला तसं वाटतंय की खरंच... मला नाही आठवत, टफनेल. मला पाय ऐकल्याचं आठवत नाही.

डॉर्कस : मी घरी जाते. मला विल्फला बघायचंय.

एझ्रा : जा. पण पळू नकोस. तो ठीक असेल.

डॉर्कस : तुला कसं ठाऊक?

एझ्रा : जो बाहेर येतो तो वाचतो ना? विल्फ वाचलाय. मग हा बाहेर आला तो कोण, तेवढंच राहिलं. डॉर्कस, आज तारीख काय?

डॉर्कस : नाही.

एझ्रा : चोवीस ना?

डॉर्कस : नाही, एझ्रा. तू नाही बसायचंस. एकदा बसलास की दरवर्षी बसावं लागेल. या वयात. या थंडीत.

एझ्रा : एडा बसायची.

डॉर्कस : म्हणून तर गेली. आणि डोळा लागला तर?

एझ्रा : ती गेल्यापासून मला कुठं झोप लागते. तिची शाल तुझ्याकडे असेल तर आणून दे. आणि विल्फला म्हणावं, तो कोट त्यानंच वापरावा. मी काही म्हणणार नाही.

डॉर्कस : शाल आणते. पण मी बसणार नाही हं तुझ्यासोबत.

एझ्रा : नको बसूस. ॲप्रन घेऊन येशील आणि हे ऐकलं, ते ऐकलं सांगत बसशील.

डॉर्कस : मेल्या.

पास्क : टफनेल, मी काय करू? मला संध्याकाळी गाडी आहे. छिन्नी लावायची का ठेवायची?

एझ्रा : ठेवा.

पास्क : एकच अक्षर झालंय. असं कसं सोडायचं? तुम्ही तर पोराचं पाकीट खिशात ठेवून कबर पुरी केलीत.

एझ्रा : ती मिसेस ऑलपोर्टची होती.

पास्क : लोक काय म्हणतील? स्टॅगल, मग एक टी, मग अनविन. पहिल्यापेक्षा वाईट दिसतं हे. पाद्रीसाहेब मला विचारतील. काय सांगू त्यांना?

एझ्रा : सांगा, टी झालाय. बाकीचं राहिलंय.